पट्टीवर नाव, यादीत नाही

या वीकेंडला थोडा जड विषय आहे, चहा घेऊनच बसा.

आमच्या ऑफिसमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलणाऱ्यांची कमी नाही. क्लायंट तिकडचा, त्यामुळे कॅफेटेरियात पेनसिल्व्हेनिया आणि जॉर्जियाची चर्चा अशी चालते, जणू ती राज्यं हिंजवडी फेज थ्रीच्या पलीकडेच आहेत. तिथे मतदाराला ओळखपत्र मागणं बरोबर की चूक, यावर हिरीरीने वाद होतात. पण मी ज्या पिंपळगाव बसवंतचा आहे, तिथल्या बाजार समितीच्या निवडणुकीत मत कोणाला असतं, हे विचारलं तर निफाड तालुक्यातली शेतकऱ्यांची पोरंसुद्धा गप्प होतात. "शेतकऱ्यांना असेल ना?" एवढंच उत्तर येतं.

नसतं. म्हणजे सरळ नसतं. आजच्या लेखाचा मुद्दा तोच आहे. पण आधी जरा अमेरिकेला जाऊन येऊ, कारण मत नाकारायच्या युक्त्या तिथे फार पद्धतशीर वापरल्या गेल्या आणि त्यांची नोंदही नीट झालीय.

यादवी युद्धानंतर १८७० मध्ये अमेरिकेच्या घटनेत पंधरावी दुरुस्ती झाली. वंश किंवा रंगावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असं लिहिलं गेलं. त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी काय केलं? 'काळ्यांना मत नाही' असा एकही कायदा केला नाही, तसा करताच येत नव्हता. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि त्यात मतदानासाठी डोईपट्टी आणि वाचनाची परीक्षा आणली. परीक्षा घेणारा कारकून गोरा, पास-नापास ठरवणाराही तोच. मग गरीब, निरक्षर गोरे अडकायला लागले. त्यावर लुइझियानाने १८९८ मध्ये तोड काढली. १८६७ च्या आधी ज्याला, ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं, त्याला परीक्षा माफ! १८६७ च्या आधी तिथल्या काळ्या माणसाच्या आजोबाला मत असण्याचा प्रश्नच नव्हता. अशी कलमं सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये घटनाबाह्य ठरवली, पण बाकीच्या अटी पन्नास वर्षं राहिल्या. शेवटी ऑगस्ट १९६५ मध्ये मताधिकार कायदा आला. त्याआधी मिसिसिपीत काळ्या प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची मतदार नोंदणी होती, १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या घरात गेली. माणसं तीच होती. दोन वर्षांत ती शहाणी झाली असं काही नाही, दारातला कारकून फक्त बाजूला झाला.

यातून मी घेतो ती गोष्ट साधी आहे. वगळायचं असतं तेव्हा 'अमुक लोक नकोत' असं कोणी लिहीत नाही. एक अट लिहितात. अट सगळ्यांना सारखी दिसते, आणि तिचा परिणाम कोणावर होणार हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

आता घरी येऊ.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२० मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. ग्रामीण भागात मत हवं तर वर्षाला ३२ रुपये सारा भरण्याइतकी जमीन हवी. रत्नागिरी आणि पंचमहालसारख्या गरीब जिल्ह्यांत १६ रुपये. देशभरात मिळून लोकसंख्येच्या ३ टक्क्यांच्या आसपास लोक मतदार झाले. बायका सुरुवातीला नव्हत्याच, मुंबईच्या कायदेमंडळाने १९२१ मध्ये ठराव करून ती आडकाठी काढली. पण जमिनीची अट तशीच, आणि जमीन कोणाच्या नावावर असायची ते सांगायला नको. पुढे १९३५ च्या कायद्याने अट सैल केली, तरी देशातल्या बहुसंख्य लोकांना मत नव्हतंच.

डॉ. आंबेडकर यावर फार लवकर बोलले. जानेवारी १९१९ मध्ये, वयाची अठ्ठावीस वर्षंही पूर्ण नसताना (म्हणजे साधारण माझ्याच वयाचे असताना!) त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा अशी मागणी केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे तर त्यांनी सरळ प्रौढ मताधिकारच मागितला. त्या काळातली त्यांची मांडणी मला विलक्षण वाटते. तिचा आशय असा: मताधिकार म्हणजे सगळ्यांनी मिळून कोणत्या अटींवर जगायचं हे ठरवण्याचा हक्क. मग तो आधी कोणाला द्यायचा? ज्याची घासाघीस करायची ताकद कमी, त्याला. कारण अटी त्याच्याच विरुद्ध ठरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

हे वाचलं आणि मला लिलावाची रांग दिसली. घासाघीस करायची ताकद म्हणजे काय, हे कांदा उत्पादकाला समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर ओळीत उभा, डिझेल जळलेलं, माल परत नेणं परवडत नाही, आणि बोली दोन मिनिटांत संपते.

थोडं विषयांतर झालं, पण पाया कळावा म्हणून. आता मूळ मुद्दा.

राज्यातल्या बाजार समित्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली चालतात. संचालक १८. त्यांतले १५ शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, २ व्यापारी-अडत्यांचे, १ हमाल-तोलाऱ्यांचा. कागदावर बघितलं तर शेतकऱ्यांचं राज्य आहे, १८ पैकी १५! पण हे १५ कोण निवडतं ते बघा. ११ जणांना निवडतात गावोगावच्या विकास सोसायट्यांचे संचालक. ४ जणांना निवडतात ग्रामपंचायतींचे सदस्य. व्यापाऱ्याला स्वतःचं मत आहे, तो लायसन घेतो आणि व्यापारी गटात मत टाकतो. हमालाला स्वतःचं मत आहे, तो हमाल-तोलारी गटात मत टाकतो. दोघांना ते असायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याचा माल आला नाही तर मार्केट एक दिवस चालणार नाही, त्याच्या वतीने मात्र दुसरंच कोणी मत देतं.

आप्पांना (माझे वडील) मी एकदा विचारलं, "मार्केटच्या इलेक्शनला तुम्ही कुणाला मत दिलं?" ते म्हणाले, "आपलं कुठं असतं तिथं? चेअरमन देतो ना." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं चेअरमन मत देतो.

अमेरिकेत सिनेटरसुद्धा असेच निवडले जायचे. लोक राज्याची विधिमंडळं निवडायचे आणि विधिमंडळं सिनेटर. मतदार मोजके, त्यामुळे सौदे सोपे. लाचखोरीच्या प्रकरणांना लोक कंटाळले आणि १९१३ मध्ये सतराव्या घटनादुरुस्तीने थेट निवडणूक आली. आपल्याकडे मतदारांना 'सहलीला' पाठवल्याच्या बातम्या आपण दर खेपेला वाचतो. मतदार थोडे असले की त्यांना लक्झरी बसमध्ये बसवून न्यायला सोपं जातं. पन्नास हजार शेतकऱ्यांना सहलीला नेणारी ट्रॅव्हल्स कंपनी अजून निघायची आहे :)

आणि सोसायटीच्या दारातही अट आहेच. सोसायटीचा थकबाकीदार संचालक होऊ शकत नाही. सहकारी संस्थेपुरतं ते समजण्यासारखं आहे, कर्ज बुडवणाऱ्याच्या हाती कर्जवाटप कशाला द्यायचं? पण सोसायटीचा संचालक हाच जर बाजार समितीचा मतदार असेल, तर सोसायटीची अट आपोआप मार्केटला लागू होते. गारपिटीत द्राक्षबाग गेली, पीककर्ज थकलं, की मार्केटमध्ये मत मिळण्याचा तो एक मार्गही बंद. खरं तर कांद्याचा भाव पडल्यावर ज्याचं कर्ज थकतं, त्यालाच मार्केट कसं चालावं यावर सगळ्यात जास्त बोलायचं असतं. फ्लोरिडात २०१८ मध्ये लोकांनी सार्वमताने शिक्षा भोगून बाहेर आलेल्या बहुतेकांना मताधिकार परत दिला. २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला, की कोर्टाचा दंड आणि फी पूर्ण भरल्याशिवाय शिक्षा संपली असं धरायचं नाही. कर्ज आणि मत यांची गाठ तिथेही गरिबाच्याच गळ्याला बसते.

"मार्केटमध्ये मत असून असं काय मिळणार?" असं कोणी विचारेल. सांगतो. व्यापाऱ्याला लायसन कोण देतं? बाजार समिती. त्याच्याकडून तारण किती घ्यायचं, पैसे थकवले तर कारवाई कधी करायची, हे कोण बघतं? बाजार समिती. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका मार्केटमध्ये आमच्या घरच्या कांद्याचा चेक बाउन्स झाला. मार्केट आणि व्यापारी, दोघांचीही नावं इथे नकोत. पैसे यायला सात महिने लागले, तेही सगळे आले नाहीत. त्या सात महिन्यांत आप्पा ज्या संचालकांच्या केबिनबाहेर बसायचे, त्यांना निवडून आणण्यात किंवा पाडण्यात आप्पांचा शून्य वाटा होता, आणि ही गोष्ट आत बसलेल्यांना आणि बाहेर बसलेल्यांना दोघांनाही माहीत होती. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई, वाराईच्या कपातीवरून जिल्ह्यात कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद होते. वाद व्यापारी आणि हमाल-मापाऱ्यांचा, कपात कोणाच्या पट्टीतून करायची याचा. पट्टी कोणाची? शेतकऱ्याची. ज्याच्या खिशावरून भांडण, त्यालाच थेट मत नाही.

हे बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने कायदा बदलला. किमान १० गुंठे जमीन असलेला आणि पाच वर्षांत किमान तीन वेळा बाजार समितीत माल विकलेला शेतकरी थेट मतदार झाला. २०१८ मध्ये सोलापूर आणि बार्शी बाजार समित्यांच्या निवडणुका तशा झाल्याही. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती पद्धत रद्द करून जुनी आणली. जुलै २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारच्या मंत्रिमंडळाने शेतकऱ्यांना पुन्हा मताधिकार द्यायचं ठरवलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात प्रत्यक्ष मतदान झालं तेव्हा? मतदार पुन्हा सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्यच. शेतकऱ्याला उभं राहायची मुभा मिळाली, मत द्यायची नाही. म्हणजे उमेदवार स्वतःला मत देऊ शकत नाही! यात कोणता पक्ष बरा, हे सांगण्यात मला रस नाही. ज्याला सोसायट्यांवर पकड आहे त्याला जुनी यादी सोयीची आणि ज्याला नाही त्याला नवी, इतकं हे सरळ आहे. म्हणूनच मताधिकार कोणाच्या सोयीवर ठेवायचा नसतो.

आता विरुद्ध बाजू, कारण तीही पोकळ नाही.

पहिला आक्षेप खर्चाचा. २०२० मध्ये हेच कारण पुढे आलं. हजारो मतदार म्हणजे शेकडो केंद्रं, कर्मचारी, बंदोबस्त. लहान बाजार समितीला हे खरंच झेपत नाही. मान्य. पण मग उपाय खर्चावर शोधा. जिल्हा परिषदेच्या मतदानाला जोडून हे मतदान घेता येईल, लहान समित्यांना सरकार मदत देऊ शकेल. आणि पिंपळगाव, लासलगावसारख्या समित्यांनी खर्चाचं कारण सांगू नये. शेकड्यामागे रुपयाच्या हिशोबाने बाजार फी जमते ती ज्या मालावर जमते, तो माल कोणाचा?

दुसरा आक्षेप: बोगस मतदार घुसतील. व्यापारी आपल्या माणसांच्या नावे तीन पट्ट्या फाडेल आणि मतदार तयार. हे होऊ शकतं. पण सातबारा आणि पट्टी दोन्ही तपासल्या तर ते अवघड जातं. आणि तेरा संचालकांना फिरवण्यापेक्षा हजारो खोट्या पट्ट्या करणं सोपं आहे, असं मला तरी वाटत नाही.

तिसरा आक्षेप माझ्यासारख्यांकडूनच येतो: "अरे, डेटा आहेच ना! सगळ्या पट्ट्या कॉम्प्युटरवर आहेत. एक क्वेरी मारा, यादी तयार." मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो, जरा दमानं. २००० मध्ये फ्लोरिडाने गुन्हेगारांची नावं मतदार यादीतून काढायला एका कंपनीकडून यादी करून घेतली. नावं ढोबळ जुळली तरी चालतील असा नियम होता, त्यामुळे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसंही त्यात सापडली. त्या राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला, आणि देशाचा अध्यक्ष त्यावर ठरला. २०१८ मध्ये जॉर्जियाने उलटं केलं. अर्जावरचं नाव सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळलं पाहिजे, एक हायफन इकडेतिकडे झाला तरी अर्ज लटकला. असे ५३ हजार अर्ज अडकले, आणि त्यांतले सुमारे ७० टक्के काळ्या नागरिकांचे होते. एका राज्यात मॅचिंग सैल, दुसऱ्यात कडक, आणि मार दोन्हीकडे बहुतांशी त्याच लोकांना. कारण सॉफ्टवेअर चुकलं की नाव आपोआप बाद होणार की आत राहणार, हे आधी माणसानेच ठरवलेलं असतं.

आपल्याकडे तर विचारूच नका. सातबारावर 'मंदाकिनी', आधारवर 'मंदाबाई', पट्टीवर 'एम. के.'! १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात १७ कोटींवर मतदार होते. त्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद धरायला नकार दिला. पुढच्या निवडणुकीपर्यंत अशा स्त्रियांची नावं नोंदवून घ्यायची मोहीम चालली आणि ते बरंचसं सुधारलं. मला यातून नियम असा दिसतो: यादी यंत्राने करा, पण नाव काढताना माणसाला नोटीस द्या, कारण सांगा, आणि सिद्ध करायची जबाबदारी काढणाऱ्यावर ठेवा.

आणि २०१७ ची सुधारणा पुन्हा आणा म्हणताना एक गोष्ट विसरू नये. तिच्यातही जमिनीची अट होती. १० गुंठे म्हणजे ३२ रुपये साऱ्याची नात. वाटेकरी, जो कांदा लावतो, काढतो, ट्रॅक्टरवर बसून मार्केटला आणतो, त्याचं नाव सातबारावर नाही. बाईचं नाव बहुतेक घरांत नाही. दिंडोरी-चांदवडकडून टोमॅटो घेऊन येणारा तर बाजार क्षेत्राबाहेरचाच. आपल्या भागाला हे नवीन नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये इथून जवळच चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. माधवराव मोरे तर आमच्याच पिंपळगावचे. ज्या गावाने १९८० मध्ये भावासाठी रस्त्यावर उतरून दाखवलं, तिथल्या मार्केटची मतदार यादी आजही अशी असावी?

माझं म्हणणं असं: मतदार ठरवताना सातबारा हा एकमेव पुरावा नको. पट्टी पुरे, आणि पट्टीवर नवरा-बायको दोघांची नावं लिहायची सोय करा. त्याला एक जादा कॉलम लागतो, बस्स. वाटेकऱ्याच्या नावावर पट्टी निघत असेल तर तोही मतदार. थकबाकीचा संबंध सोसायटीपुरता ठेवा. आणि हे सगळं मंत्रिमंडळ बदललं की उलटवता येणार नाही, इतकं पक्कं करा.

पुढच्या वेळी गावी गेलात तर दोन कामं करा. घरातल्या शेवटच्या दहा पट्ट्या काढा आणि त्यांवर कोणाकोणाची नावं आहेत बघा. मग बाजार समितीच्या गेल्या निवडणुकीत आपल्या सोसायटीच्या वतीने कोणी मत दिलं, ते विचारा. त्यांनी ते कोणाला दिलं, हे ते सांगणार नाहीत, मतदान गुप्त असतं. पण ते देण्याआधी त्यांनी तुमच्या घरी कोणाला काही विचारलं होतं का, एवढं तरी कळेल. तुमच्याकडे वेगळा अनुभव असेल तर जरूर कळवा.

असो. लांबलं बरंच. सोमवारी सकाळी स्प्रिंट प्लॅनिंग आहे, झोपतो आता.